माटोळी, मगर आणि एडिसन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. गोव्यातल्या साखवाळला घरच्या माडांची निगा राखणाऱ्या एका तरुणाच्या हाती ‘बालबोध’ मासिक पडलं. मासिक मुलांचं. त्यात बुद्धाचं छोटंसं चरित्र होतं. ते वाचून तो इतका पेटला की १८९९ मध्ये घर सोडून निघाला आणि नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घालून पालीचा पंडित झाला. हे धर्मानंद कोसंबी. त्यांचा मुलगा दामोदर, जन्म १९०७, कोसबें; पुढे मोठा गणिती आणि इतिहासकार.

लहान मुलांना थोरांची चरित्रं, यंत्रं, पशुपक्षी कधी आणि कसे भेटायला लागले, हे गोव्यापुरतं शोधायचं तर सुरुवात मला इथूनच करावीशी वाटते. ‘बालबोध’ विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये सुरू केलं आणि तीसेक वर्षं चालवलं. अंकाचा साचा ठरलेला: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, एक शास्त्रीय विषय. आज मुलांसाठी विज्ञानाची म्हणून जी पुस्तकं निघतात, त्यांचा निम्मा आराखडा त्यात आहे. पण हे मासिक घाटापलीकडून, ब्रिटिश मुलखातून यायचं.

खरं तर छपाईत गोवा सगळ्यांच्या पुढे होता. १५५६ मध्ये जेझुइटांचा छापखाना इथं उतरला, भारतातला पहिला. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. ग्रंथ पोर्तुगीजमध्ये, आणि रचना दोघांच्या संवादाची: एक विचारतो, दुसरा सांगतो. मुलांना शिकवायला याहून चांगली पद्धत नाही, पण तो मुलांसाठी नव्हताच. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. तिथं खेळणाऱ्या पोरांना विचारलं तर ‘गार्सिया’ हा कुणीतरी गव्हर्नर असणार, असं उत्तर येतं.

मराठी मुलांना मात्र या छपाईचा उपयोग नव्हता. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, ख्रिस्ताची कथा सांगणारं काव्य, १६१६ मध्ये छापलं गेलं, मराठीतच, पण रोमन लिपीत. हिंदू घरांतलं मराठी शिक्षण घरगुती मास्तरांवर आणि देवळाच्या अग्रशाळेवर, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेवर, चालायचं. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, धार्मिक बंधनं सैल झाली आणि मराठी शाळा भराभर निघाल्या. पणजीचं मुष्टिफंड त्याच्याही आधीचं, १९०८ चं. घरटी मूठभर तांदूळ काढून ठेवायचे आणि त्यावर शाळा चालवायची, म्हणून हे नाव. पुस्तकं पुण्या-मुंबईची. विजेच्या दिव्याचा शोध रॉकेलच्या दिव्याखाली वाचणारी पिढी ती हीच. कितीतरी गावांत वीज मुक्तीनंतर आली.

पण याच मुलांच्या घरात एक दुसरी शाळा चालू होती, तिला पुस्तक नव्हतं. चवथीच्या आदल्या दिवशी मोठ्यांबरोबर रानात जायचं, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीचं, सामान आणायचं. कांगलां, घागऱ्या, कवंडळ, तोरिंजन, आंबाड्याचा घोस. कुठली वेल ओलाव्यात उगवते, कुठलं फळ नुसतं बघायचं आणि कुठलं चाखायचं, हे पोरांना तिथं कळायचं. गणपतीवरच्या त्या लाकडी चौकटीला टांगलेलं अर्धं रान म्हणजे वनस्पतिशास्त्राचं वार्षिक प्रदर्शनच. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीच्या, काही गावांत पौषी अवसेला मातीची मगर घालून पुजतात, तिला मांगेथापणी म्हणतात. कुंभारजुव्याच्या खाऱ्या पाण्यात खरी मगर राहते, आणि शेताला सांभाळणारा बांध तिच्या पाण्यातच उभा असतो. मुलाला मगरीची पहिली ओळख भीतीतून आणि चिखलातून होते. मला विचाराल तर, रंगीत तक्त्यावरच्या ‘म मगरीचा’पेक्षा ती जास्त टिकते.

खाजनातलीच मानस घ्या. बांधातलं लाकडी दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. भाताच्या खाचरात खारं पाणी शिरत नाही, नको असलेलं पाणी निघून जातं. ना इंजिन, ना दार ओढणारा माणूस. हा शोध कुणाचा? कुणाचाच नाही, म्हणजे गावकरीचा, गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेचा. शोधकांची चरित्रं लिहायला माणूस लागतो, त्याची आई लागते, एक-दोन अपयशं लागतात. मानशीकडे यातलं काहीच नाही, म्हणून ती कुठल्या चरित्रमालेत शिरली नाही. (एडिसनचंही तसं एकट्याचं नव्हतं. मेन्लो पार्कला त्याच्याजवळ कारागिरांचं पथक होतं आणि इंग्लंडात स्वान त्याच दिव्यावर काम करत होता. मुलांच्या पुस्तकात ही माणसं गळतात.)

१९६१ नंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. गोव्याचं स्वतंत्र शालान्त मंडळ १९७५ मध्ये आलं; तोवर पुणेच आमचं केंद्र. त्यामुळे आमच्या पुस्तकात मोट होती, मानस नव्हती. उसाचा फड होता, मिठागर नव्हतं. शाळेच्या मागून वाहणाऱ्या पोंयातल्या, म्हणजे खाजनाच्या ओहोळातल्या, निवट्या माशांबद्दल गुरुजींनी वर्गात एक शब्द काढला नाही. सुटीत तेच गुरुजी गळ घेऊन तिथं बसलेले असत.

विज्ञान मात्र दाराशी येत होतं. १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली, तिचं मुख्यालय दोनापावलला. १९८१ च्या डिसेंबरात भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. पेंग्विन हा शब्द तेव्हा इथल्या पोरांच्या तोंडी बसला. चोडणच्या खारफुटीला १९८८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि सलीम अलींचं नाव. २००१ पासून मिरामारला विज्ञान केंद्र आहे. सहलीच्या बसगाड्या तिथं थांबतात. बटण दाबलं की काहीतरी फिरतं, आणि पोरं बटणंच दाबत राहतात. त्याला माझी हरकत नाही.

शोधकांच्या यादीतही आता आपल्याकडचं नाव आलं आहे: रघुनाथ माशेलकर, जन्म १९४३, माशेल. शाळा मुंबईची, गरिबीतली. भावे सरांनी उन्हात भिंगाने कागद जाळून दाखवला, हा त्यांचा आवडता किस्सा. पण त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते काही शोधण्यामुळे नाही. जखम भरण्याच्या हळदीच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं. माशेलकर ज्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) प्रमुख होते तिने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं, कारण हे ज्ञान जुनंच असल्याचे छापील पुरावे पुढे ठेवता आले. पोराच्या फुटलेल्या गुडघ्यावर आजी हळद दाबायची, तेव्हा तिने कागद मागितला नव्हता. अमेरिकेतल्या कचेरीला मात्र कागदच लागले.

आता माटोळीच्या स्पर्धा होतात. काही घरांत फळाफळाला चिठ्ठी लावलेली असते, त्यावर नाव. चिठ्ठ्या लिहायचं काम बहुतेक ठिकाणी पोरांकडे असतं, आणि नावं सांगायला आजीला बोलवावं लागतं.