फ्रिट्झ पोलार्ड

फ्रिट्झ पोलार्ड (२७ जानेवारी १८९४ – ११ मे १९८६) : अमेरिकन फुटबॉलमधील हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू), प्रशिक्षक आणि संघटक. आज नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक लीगचे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक होते. १९२१ साली ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन प्रोज या संघाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांच्यानंतर दुसरा कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक नेमला जायला १९८९ साल उजाडले. मधली ६८ वर्षे लक्षात घेतल्याशिवाय पोलार्ड यांच्या कामाचे मोल कळत नाही.

शिकागोच्या उत्तर भागातील रॉजर्स पार्क वस्तीत त्यांचा जन्म झाला. वडिलांचा केशकर्तनाचा व्यवसाय होता, आई शिवणकाम करी. गुलामगिरीविरुद्ध लढणारे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या नावावरून मुलाचे नाव फ्रेडरिक डग्लस पोलार्ड ठेवले गेले. ‘फ्रिट्झ’ हे टोपणनाव शेजारच्या जर्मन कुटुंबांनी दिले. घरात शिक्षण आणि खेळ दोन्हींना मान होता. थोरले बंधू लेस्ली डार्टमथ कॉलेजकडून फुटबॉल खेळले होते आणि बहीण नेओमी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. फ्रिट्झ यांचे शालेय शिक्षण शिकागोच्या लेन टेक्निकल शाळेत झाले. १९१५ मध्ये त्यांनी ऱ्होड आयलंड राज्यातील ब्राउन विद्यापीठात प्रवेश घेतला. त्यांचा विषय होता रसायनशास्त्र.

त्या काळचा अमेरिकन फुटबॉल आजच्यापेक्षा रग्बीच्या जवळचा होता. चेंडू पुढे फेकण्याला १९०६ मध्ये मान्यता मिळाली होती, तरी बहुतेक संघांची भिस्त चेंडू काखेत घट्ट धरून धावण्यावर असे. डोक्यावर असलेच तर चामड्याचे टोपडे. खाली पडलेल्या खेळाडूवर प्रतिस्पर्ध्यांनी ढिगाने कोसळणे नित्याचे होते, आणि पडलेला खेळाडू कृष्णवर्णीय असेल तर त्या ढिगाखाली गुडघे, कोपर आणि मुठी मुद्दाम चालत. पोलार्ड यांचे वजन जेमतेम पाऊणशे किलो. अशा खेळात टिकण्यासाठी त्यांनी दोन गोष्टी साधल्या. पहिली म्हणजे पूर्ण वेगात असताना क्षणात दिशा बदलणे. दुसरी म्हणजे जमिनीवर पडताच पाठीवर वळून खिळ्यांच्या बुटांचे पाय वर उचलणे. मग अंगावर उडी घ्यायला सहसा कोणी धजावत नसे. या दुसऱ्या गोष्टीला क्रीडाकौशल्य म्हणावे की जीव वाचवण्याचा उपाय, हे ठरवणे कठीण आहे. त्यांच्यासाठी दोन्ही एकच होते.

१ जानेवारी १९१६ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे ब्राउनचा सामना वॉशिंग्टन स्टेटच्या संघाशी झाला. पुढे रोझ बोल म्हणून प्रसिद्ध झालेल्या या स्पर्धेत खेळणारे पोलार्ड हे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. उतरण्याच्या हॉटेलने त्यांना आधी खोली नाकारली. संघ त्यांच्या बाजूने उभा राहिला तेव्हा ती मिळाली. सामन्याच्या दिवशी पाऊस होता. वेगावर भिस्त असलेल्या खेळाडूसाठी चिखलाचे मैदान म्हणजे पायात बेडीच. पोलार्ड यांना फारसे काही करता आले नाही आणि ब्राउनचा संघ १४–० असा हरला.

खरे पोलार्ड दिसले ते त्याच वर्षीच्या शरदात. नोव्हेंबर १९१६ मध्ये लागोपाठच्या दोन शनिवारी ब्राउनने येलला २१–६ आणि हार्वर्डला २१–० असे हरवले. हार्वर्ड आणि येल ही तेव्हा या खेळाची पंढरी होती. दोघांना एकाच हंगामात नमवणे ब्राउनला त्याआधी कधीच जमले नव्हते. येलचा त्या वर्षीचा हा एकमेव पराभव. ब्राउनचा संघ हंगामात एकच सामना हरला, कोलगेट विद्यापीठाविरुद्धचा. खेळाचे नियम घडवणारे वॉल्टर कॅम्प यांनी वर्षअखेरीच्या आपल्या ‘ऑल-अमेरिका’ संघात, म्हणजे देशभरातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, पोलार्ड यांना स्थान दिले. हार्वर्डचे विल्यम हेन्री ल्युइस यांना हा मान १८९०च्या दशकात मिळाला होता, पण ते सेंटरच्या, म्हणजे पुढच्या फळीच्या मधोमध राहून चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळत. चेंडू घेऊन धावणाऱ्या बॅकच्या जागेसाठी निवड झालेले पोलार्ड पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी मेरिलंडमधील लष्करी छावणीत वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेचे काम केले. १९१८ पासून ते पेन्सिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठ या कृष्णवर्णीयांच्या संस्थेचे फुटबॉल प्रशिक्षक झाले. हे काम चालू असतानाच १९१९ मध्ये अ‍ॅक्रनचे बोलावणे आले.

अ‍ॅक्रन हे रबराच्या कारखान्यांचे शहर. टायरच्या कामासाठी दक्षिणेकडील राज्यांतून हजारो गोरे कामगार तिथे आले होते आणि येताना वर्णद्वेषही घेऊन आले होते. आपल्याच संघाच्या या खेळाडूला प्रेक्षक शिवीगाळ करत. इतर खेळाडूंबरोबर कपडे बदलणे धोक्याचे असल्याने पोलार्ड संघाच्या मालकांपैकी एकाच्या सिगारच्या दुकानात तयार होत आणि सामना सुरू होण्याच्या बेतात मोटारीने थेट मैदानावर येत.

१७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतील कँटन येथे एका मोटारविक्रीच्या दालनात अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशनची घडी बसली; १९२२ मध्ये तिचेच नाव एनएफएल झाले. पहिल्या हंगामात तिच्यात दोनच कृष्णवर्णीय खेळाडू होते : पोलार्ड आणि रॉक आयलंडचे बॉबी मार्शल. अ‍ॅक्रनने आठ सामने जिंकले, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. साऱ्या हंगामात त्यांच्याविरुद्ध केवळ ७ गुण नोंदले गेले. लीगचे पहिले विजेतेपद त्यांना मिळाले.

१९२१ मध्ये एल्जी टोबिन यांच्यासह पोलार्ड सह-मुख्य प्रशिक्षक झाले. या ‘सह’मुळे त्यांचे श्रेय निम्मे मानण्याची चूक करू नये. सामना चालू असताना बाकावरून सूचना देण्याची मुभा एनएफएलमध्ये १९४४ साली मिळाली. त्याआधी मैदानावर उभा असलेला माणूसच संघ चालवी. ब्राउनमध्ये शिकलेल्या चाली पोलार्ड यांनी अ‍ॅक्रनला शिकवल्या होत्या आणि त्या खेळवणारेही तेच होते. गोऱ्या खेळाडूंनी कृष्णवर्णीयाचा हुकूम मानायचा, ही गोष्ट त्या अमेरिकेत इतरत्र क्वचितच घडत होती. पुढे गायक-अभिनेते म्हणून जगभर गाजलेले पॉल रोब्सन १९२१ मध्येच अ‍ॅक्रनकडून खेळले आणि १९२२ मध्ये मिल्वॉकी बॅजर्स संघातही दोघे एकत्र होते. नंतर हॅमंड प्रोज, प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर, पुन्हा अ‍ॅक्रन आणि मधल्या काळात पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसापट्ट्यातील गिल्बर्टनचा संघ, असा प्रवास करत १९२६ मध्ये त्यांची एनएफएलमधील कारकीर्द संपली.

लीगची दारे हळूहळू बंद होत होती. १९२० ते १९३३ या काळात एकंदर १३ कृष्णवर्णीय खेळाडू तिच्यात खेळले. १९३४ पासून १९४५ पर्यंत एकही नाही. लेखी नियम नव्हता, मालकांमधली समजूत होती. बंदीला शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांचाही हातभार होता, असे पोलार्ड अखेरपर्यंत सांगत. हॅलस यांनी ते नाकारले.

पोलार्ड गप्प बसले नाहीत. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी शिकागो ब्लॅक हॉक्स हा कृष्णवर्णीयांचा फिरता संघ उभा केला, तो १९३२ पर्यंत चालला. १९३५ ते १९३७ या काळात ते न्यूयॉर्कच्या हार्लेममधील ब्राउन बॉम्बर्सचे प्रशिक्षक होते. मुष्टियोद्धा जो लुईस यांच्या टोपणनावावरून या संघाचे नाव पडले होते. काळे आणि गोरे संघ एकमेकांविरुद्ध शांतपणे खेळू शकतात हे दाखवणे, हा या संघांमागचा हेतू. माझ्या मते अ‍ॅक्रनच्या विजेतेपदाइतकेच हे काम मोठे आहे, कारण इथे मागे ना लीग होती ना कोणाचा पैसा. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये त्यांच्या मुलाने, फ्रिट्झ पोलार्ड ज्युनियर यांनी, ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवले.

फुटबॉलबाहेर त्यांनी गुंतवणूक कंपनी, न्यूयॉर्कमधील एक कृष्णवर्णीय वृत्तपत्र, कलावंतांचे व्यवस्थापन आणि करसल्ला असे उद्योग केले.

कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, त्यांचा समावेश १९५४ साली झाला. व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमने मात्र त्यांना २००५ पर्यंत ताटकळत ठेवले. मेरिलंडमधील सिल्व्हर स्प्रिंग येथे त्यांचे निधन होऊन तेव्हा १९ वर्षे झाली होती. एनएफएलची अधिकृत आकडेवारी १९३२ पासूनची आहे, त्यामुळे आकड्यांवर बोट ठेवून त्यांची बाजू मांडणे अवघड होते. पण १९२०च्या दशकातील गोऱ्या खेळाडूंचेही आकडे नव्हते, आणि त्यांच्यातील अनेकांना हा मान कितीतरी आधी मिळाला. १९८९ मध्ये लॉस एंजेलिस रेडर्सने आर्ट शेल यांना मुख्य प्रशिक्षक नेमले, तेव्हा पोलार्ड यांचे नाव वृत्तपत्रांत पुन्हा छापून आले. प्रशिक्षक व व्यवस्थापक पदांवर कृष्णवर्णीयांना न्याय्य संधी मिळावी यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेली संघटना फ्रिट्झ पोलार्ड अलायन्स या नावाने काम करते.