पुण्याच्या पेठेत वन बीएचके भाड्याने घेताय? करार कुठे अडतो ते आधी पाहा

सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा. क्लास, अभ्यासिका, कॉलेज सगळं पायी जाण्याच्या अंतरावर, म्हणून पेठेत घर शोधणारे पुष्कळ. शोधलं की घर मिळतंही. गाडी अडते ती करारावर, आणि बहुतेक वेळा भाडेकरूच्या नव्हे, मालकाच्या कागदांवर.

‘अकरा महिन्यांचाच तर आहे, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू’ असं सांगणारे एजंट आजही भेटतात. ऐकू नका. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे ती केंद्राच्या नोंदणी कायद्यात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे इथे लिव्ह अँड लायसन्स करार (मालकाच्या परवानगीने ठरावीक मुदत राहण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालक कुरकुरले तर त्यांना एवढंच सांगा: नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. भाडे १८,०००, परत मिळणारं डिपॉझिट ६०,०००, मुदत ११ महिने धरू. एकूण भाडे १,९८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज ५,५००. या बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे साधारण ५०९ रुपये मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. शिवाय थोडं हाताळणी शुल्क. याच्या कितीतरी पट रक्कम कोणी मागत असेल, तर प्रत्येक रुपयाचा हिशेब मागा.

आता खरी अडचण. पेठेतलं घर पुष्कळदा आजोबांच्या नावावर असतं. वीजबिल वारलेल्या वडिलांच्या नावाने येतं, एक भाऊ कोथरूडला, बहीण अमेरिकेत. समोर बसलेले काका मनाने चांगले असतात, पण कागदावर ते एकटे मालक नसतात. टोकन रक्कम देण्याआधी मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि चालू वर्षाची मिळकतकर पावती पाहा. नावं जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर सही करणाऱ्याकडे बाकीच्यांचं कुलमुखत्यारपत्र हवं. ते परदेशात झालेलं असेल तर राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे तीन महिने सहीच्या तारखेपासून नव्हे, कागद इथे आल्यापासून मोजायचे. म्हणून तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट जपून ठेवायला सांगा.

त्याहून नाजूक प्रकार जुन्या वाड्यांत दिसतो. खोली देणारे स्वतःच पागडीचे, म्हणजे एकरकमी पागडी देऊन जुन्या भाड्यावर राहणारे, भाडेकरू असतात. त्यांच्या मूळ करारात तशी मुभा नसेल तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे ते पोटभाडेकरू ठेवू शकत नाहीत. वाड्याच्या मालकाने हरकत घेतली की खोली तुमच्या हातून जाते, आणि डिपॉझिट सोडवून घेताना वर्ष सरतं. भाडं कमी आहे म्हणून इथे फसलेली मुलं मी पाहिली आहेत. अशी खोली घेऊ नका.

पत्ता लिहिताना घर क्रमांक आणि सिटी सर्व्हे क्रमांक (भूमापनातला जागेचा क्रमांक) वेगळे असतात, हे विसरू नका. ‘अमुक सदाशिव पेठ’ मधला आकडा सर्व्हे क्रमांक समजून भरतात आणि पुढे पासपोर्टच्या वेळी पत्ता जुळत नाही. घर क्रमांक मिळकतकर पावतीवरून आणि सिटी सर्व्हे क्रमांक मिळकतपत्रिकेवरून उतरवा.

बाकी सोपं आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर मसुदा भरायचा, टोकन क्रमांक घ्यायचा, पैसे ऑनलाइन भरायचे, दोन्ही पक्षांचे आणि दोन साक्षीदारांचे फोटो व आधारशी जुळणारे अंगठे द्यायचे. हा अंगठाच वयस्कर मालकांचा उठत नाही. सत्तरीच्या आजींना चार-चार वेळा यंत्रावर बोट दाबायला लावणं बघवत नाही, पण कार्यालयाला त्याचं काही वाटत नाही. आजींचे ठसे आधी आधार केंद्रात अद्ययावत करून घ्या आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक उघडं आहे ना, ते पाहा.

दुय्यम निबंधकांची मंजुरी आली की कराराची पीडीएफ आणि इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) दोन्ही उतरवून घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकांनी द्यायची असते. ती दिल्याची पोच मागून घ्या. आणि रंग, पाणीगळती, नळ यांचे फोटो सामान आत नेण्याआधीच काढून मालकांना पाठवा, म्हणजे घर सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं यावर वाद होणार नाही.