नॉयश्वानस्टाइन राजवाडा: तिकिटावरची वेळ कशी गाठायची

नॉयश्वानस्टाइन हा जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातला डोंगरावरचा राजवाडा. म्युनिकहून सकाळी निघून रात्री परत, असा हा एका दिवसाचा प्रवास आहे. गडबड होते ती बहुतेक एकाच गोष्टीत. तिकिटावर छापलेली वेळ राजवाड्याच्या दाराशी हजर राहण्याची असते, खालच्या होहेनश्वानगाउ गावात पोहोचण्याची नव्हे. दारात तुमच्या गटाचा क्रमांक लागला, गट आत गेला, की ते तिकीट संपले. उशिरा येणाऱ्याला पुढच्या गटात घेत नाहीत आणि पैसेही परत मिळत नाहीत.

म्हणून हिशेब उलटा मांडा. म्युनिक ते फ्युसेन रेल्वेने सुमारे दोन तास, पुढे गावापर्यंत बसने दहा मिनिटे. तिथून राजवाडा दीड किलोमीटर, सगळा चढ. मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर 40 मिनिटे धरा. बायर्न तिकीट म्हणजे बव्हेरियातल्या स्थानिक गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतरच चालते, त्यामुळे त्या दिवशी दुपारी दीडच्या आधीची वेळ घेऊ नका. या एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येते, आई-वडिलांबरोबर त्यांची 6 ते 14 वयाची मुले फुकट. प्रवाशांची नावे त्यावर लिहावी लागतात आणि तपासनीस पासपोर्ट मागतो. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना ते चालत नाही. काही गाड्या वाटेत बुखलोए किंवा काउफबोएरनला बदलाव्या लागतात, तेव्हा डुलकी बेताची घ्या.

चढ टाळायला दोन सोयी आहेत. घोडागाडी राजवाड्याच्या खाली थांबते, उरलेली पाच-दहा मिनिटे चालायचेच. बस मारियेनब्रुके पुलाजवळ सोडते आणि तिथून राजवाड्याकडे पंधरा मिनिटांचा उतार आहे. गुडघ्यांना हा उतारही जाणवतो. बर्फ पडला की बस बंद, पूलही बंद. दोन्हीकडे रांग असते, तो वेळ वेगळा धरा.

पूल मात्र चुकवू नका. खाली सुमारे 90 मीटरवर प्योलाट ओढ्याची घळ, समोर अख्खा राजवाडा. फळ्यांच्या फटींतून खालचे दिसते. उंचीची भीती असलेल्यांनी कठड्याला धरून नजर समोर ठेवावी. फोटोंची हौस इथेच भागवून घ्या, आत फोटो काढू देत नाहीत.

आतली फेरी अर्ध्या तासाची, पण चढायला 165 आणि उतरायला 181 पायऱ्या. पर्वतीच्या 103 आठवा, म्हणजे अंदाज येईल. बाबागाडी, मोठी सॅक आणि पाठीवरचे बेबी कॅरियर आत नेता येत नाही. तान्हे मूल कडेवरच. 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असला तरी बुकिंगमध्ये त्यांची नोंद हवीच.

गडकिल्ले पाहिलेल्यांनी एक लक्षात ठेवावे: हा लढाईचा गड नाही. तोफांपुढे तटबंदी निकामी ठरल्यावर, 1869 साली लुडविग दुसरा या बव्हेरियाच्या राजाने हौसेखातर बांधायला घेतलेला वाडा आहे. मध्ययुगीन दिसतो, पण आत नळाचे पाणी आणि गरम हवेची सोय. शयनगृहातले लाकडी कोरीवकाम करायला 14 कारागिरांना चार वर्षांहून अधिक काळ लागला. सिंहासनाच्या दालनात मात्र सिंहासन नाही. ते बसवण्याआधीच 1886 साली राजा वारला आणि सात आठवड्यांत वाडा लोकांना खुला झाला.

एवढा चढ झेपणार नसेल तर त्याच राजाचे दुसरे वाडे आहेत. लिंडरहोफ सर्वांत लहान. राजाच्या हयातीत पूर्ण झालेला मोठा वाडा तेवढा एकच. हेरेनकीमझे हा वाडा तळ्यातल्या बेटावर आहे: म्युनिकहून प्रीनपर्यंत रेल्वेने तासभर, मग बोट, मग वीसेक मिनिटे सपाट चाल. व्हर्सायच्या धर्तीवरच्या आरसेमहालाइतकाच तिथला अर्धवट, नुसत्या विटांचा जिनाही पाहण्यासारखा आहे. नॉयश्वानस्टाइनबरोबर त्याच दिवशी यातला कोणताही जोडू नका, रस्त्यातच दिवस जातो.

खाऊ म्हणून चिवडा, खाकरा न्या. तूप, पेढे, चक्का नको. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात ठेवा, आणि चढायला लागण्याआधी सर्वांना गावातच जाऊन यायला सांगा.