गॅलार्डियाचं फूल नेमकं कुठून कापावं?

इंदुरात बंगल्यांच्या कुंपणाकडेला उन्हात गॅलार्डिया हमखास दिसतो. मार्चमध्ये फुलं कमी झाली की ‘झाडाचं वय झालं’ म्हणतात. बहुवर्षायू जात दोन-तीन वर्षं सहज टिकते. वय हे कारण नसतं. झाड बी धरायला लागलेलं असतं.

आपण ज्याला एक फूल म्हणतो ते स्तबक, म्हणजे अनेक फुलांचा मेळा. कडेची प्रत्येक तांबडी-पिवळी ‘पाकळी’ म्हणजे एक छोटं फूल, किरणपुष्पक. गॅलार्डियात ती बहुधा वांझ असतात आणि त्यांचं काम कीटकांना बोलावण्याचं. बी धरतात ती मधली बारीक फुलं, म्हणजे बिंबपुष्पकं. ती कडेकडून मध्याकडे उमलतात, त्यामुळे मधल्या कळ्या मिटलेल्या असतानाच कडेच्या बीजांडांत बी वाढू लागतं. फूल ताजं दिसतं, पण आतलं काम सुरू झालेलं असतं.

वाढत्या बिया दोन गोष्टी करतात. पानांनी बनवलेली साखर स्वतःकडे ओढतात आणि ऑक्झिन हे संप्रेरक देठातून खाली धाडतात. हे ऑक्झिन पानांच्या बेचक्यांतले डोळे झोपवून ठेवतं. देठ कापला की वरून येणारा प्रवाह थांबतो, सायटोकायनिन या फुटवा आणणाऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि डोळा फुटतो. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिसवर १९९४ मध्ये झालेलं काम बोलकं आहे: बी धरत नसलेल्या झाडांचा बहर लांबला, आणि बी धरलेल्यांची शेंडावाढ मात्र थांबली.

म्हणून नुसत्या सुकलेल्या पाकळ्या ओढून काढणं व्यर्थ. केसाळ गोंडा झाडावरच राहतो आणि बी त्यातच असतं. पाकळ्या गळायला लागल्या की पूर्ण देठ खालच्या पहिल्या निरोगी पानापर्यंत कापा. आठवड्यातून दोनदा हे काम करावं.

आता मातीचं. पाकिटावरचा ‘कणखर’ हा शब्द थंडी सोसण्याबद्दलचा असतो. माळव्यात खरी परीक्षा जुलैची. काळ्या मातीतली चिकणमाती पाण्यानं फुगते, छिद्रं बुजतात आणि मुळांना प्राणवायू मिळत नाही. मग बुरशी शिरते, ओल्या मातीतही रोप कोमेजतं आणि आपण आणखी पाणी घालतो. पाळीत बाईनं हात लावला म्हणून रोप जळालं, असं अजूनही घरोघरी म्हणतात. ते रोप उपटून मूळ पाहा: काळं, पिचपिचीत, कुजका वास असलेलं. विटाळाचा इथे काहीही संबंध नाही, निचऱ्याचा आहे.

२० ते २५ सेंमी उंच वाफा करा. काळी माती, जाड रेती आणि कुजलेलं शेणखत समभाग. चिमूटभर रेतीनं चिकणमाती सुटत नाही. बी सप्टेंबर-ऑक्टोबरात खोल न पुरता मातीच्या वरच पेरा, कारण उजेडानं उगवण सुधारते. चार-सहा पानांची रोपं ३० सेंमी अंतरावर लावा, दिवसाला किमान सहा तास ऊन मिळेल अशा जागी. युरिया टाळा, नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि देठ लोळतात. मे अखेरीस जमिनीपासून १५ सेंमी ठेवून छाटा, म्हणजे पावसात झुडपातून हवा खेळते.

बी हवं असेल तर एप्रिलमध्ये चार-पाच गोंडे सुकू द्या. संकरित जातीच्या बियांतून वेगवेगळे रंग येतात. तोच रंग हवा असेल तर ऑक्टोबरात झुडपाचे मुळांसकट तुकडे करून लावा.