चीपमधलं 'गुड' कुठं गळलं?

टिप म्हणजे 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस', न्यूज म्हणजे नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ, असले फॉरवर्ड परत फिरायला लागलेत आणि चांगली शिकलेली माणसंही ते खरं मानून पुढं ढकलतात, म्हणून हे लिहायला घेतलं. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची सवय इंग्रजीला लागली ती मुख्यतः 20व्या शतकात, आणि टिप तर 17व्या शतकात चोरांच्या बोलीत 'दे, सरकव' अशा अर्थानं होता. शब्दाचं मूळ शोधायचं तर त्याचे आवाज बघावे लागतात, आणि त्यासाठी इंग्रजीतल्या 'चीप'सारखा (cheap, म्हणजे स्वस्त) दुसरा शब्द नाही!

जुन्या इंग्रजीत चीप म्हणजे स्वस्त नव्हेच, तर व्यापार, सौदा. लंडनचं चीपसाइड ही 'स्वस्तातली बाजू' नाही, ती मध्ययुगातली मोठी बाजारपेठ, म्हणून तर तिथं ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, पोल्ट्री असे रस्ते आहेत. मूळ शब्द लॅटिन 'काउपो', म्हणजे किरकोळ विक्रेता किंवा खानावळवाला. तो जर्मानिक भाषांनी (इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळानं) उचलला, जर्मनमध्ये 'काउफेन' म्हणजे विकत घेणं, आणि कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर.

मग इंग्रजीत क चा च कसा झाला? 'का' म्हणा आणि मग 'की' म्हणा, हळू. 'की'ला जीभ टाळूला जरा पुढं टेकते, कारण पुढचा स्वर तिला आधीच ओढून घेतो. आपल्याकडे 'माझा' आणि 'माझी' यातला झ वेगळा लागतो तो याच कारणानं, याला तालव्यीकरण म्हणतात. इंग्रजीत 'आउ' हा स्वर तोंडात पुढं सरकून 'एआ'सारखा झाला आणि त्यानं मागच्या क ला च करून टाकलं. तसंच जर्मन 'केझं'च्या जागी इंग्रजीत चीज, 'किन'च्या जागी चिन. काऊचा स्वर मागचा होता म्हणून तिथला क टिकला, आणि किंगचा स्वर पुढं सरकला खरा पण तोवर क चा च होण्याचा काळ संपून गेला होता म्हणून तोही वाचला, म्हणजे कुठला बदल आधी आणि कुठला नंतर हेसुद्धा नुसत्या शब्दांवरून कळतं, मला हे फार भारी वाटतं.

असो, अर्थाकडे येऊ. लोक म्हणायचे 'गुड चीप', म्हणजे सौदा चांगला जमला. मोबाइल फोनमधला फोन गळून नुसता मोबाइल उरला ना, तसं 1500च्या सुमारास त्यातलं गुड गळलं आणि अख्खा अर्थ एकट्या चीपवर आला. डचमध्ये स्वस्तला अजूनही 'चांगला सौदा' अशाच अर्थाचा जोडशब्द आहे. पण कमी किंमत म्हणजे माल हलका, असा अंदाज लोक इतक्या वेळा करतात की शेवटी तो अंदाजच शब्दाचा अर्थ होऊन बसतो. हा अर्थापकर्ष, म्हणजे शब्दाचा अर्थ खाली घसरणं. पुढं तो वस्तूवरून माणसावर आला, अमेरिकेत 1890च्या दशकात 'चीपस्केट' म्हणजे कंजूष माणूस हा शब्द रुळला, आणि आता जाहिरातवाले चीप म्हणायला कचरतात, 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणतात.

'चिंट्झी'चंही तेच, आणि हा शब्द तर आपल्याकडचा. चीट म्हणजे छापील सुती कापड, त्यावरूनच इंग्रजीत 'चिंट्झ', भारतातलं इतकं खपायचं की फ्रान्सनं 1686मध्ये आणि इंग्लंडनं 1721मध्ये छापील सुती कापडावर कायद्यानं बंदी घातली. पुढं गिरण्यांमधून स्वस्त नकला निघाल्या, आणि चिंट्झी म्हणजे भडक, हलकं असं झालं, अमेरिकेत तर चिक्कू माणसालाही चिंट्झी म्हणतात. नाव खराब झालं ते नकलांमुळे, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

कंजूष माणसांसाठीच्या बाकी शब्दांत बहुतेक हात किंवा मूठ असते, टाइट-फिस्टेड म्हणजे आवळलेली मूठ, 'टाइटवॉड' म्हणजे नोटांची गुंडाळी घट्ट धरणारा. 'स्किनफ्लिंट' तर गारगोटीचंही कातडं सोलणारा, आपल्या कवडीचुंबकाचा भाऊ शोभेल असा. पण मला सगळ्यात आवडतो मायझर. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता दुःखी, बिचारा. आणि संस्कृतात 'कृपण' म्हणजेही दीन, केविलवाणा. एकानं दुसऱ्याकडून काही घेतलेलं नाही, दोन्ही भाषांना चिकट माणूस बघून आधी त्याची कीवच आली.