उच्च उपलब्धता, वैयक्तिक सर्व्हरची

घरातील किंवा भाड्याने घेतलेल्या यंत्रावर एखाद्या व्यक्तीने स्वतः चालवलेले संकेतस्थळ, त्यातील एखादा घटक बंद पडला तरी वाचकांना उघडत राहावे, यासाठी केलेल्या मांडणीला ही संज्ञा लावतात. दोन बिघाडांमधील सरासरी काळाला, तो काळ आणि दुरुस्तीचा सरासरी काळ यांच्या बेरजेने भागले असता उपलब्धतेचे प्रमाण मिळते. ९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३.६५ दिवस सेवा बंद, ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास आणि ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५३ मिनिटे. वैयक्तिक सर्व्हरचा मालक रात्री झोपलेला किंवा प्रवासात असतो, त्यामुळे दुरुस्तीचा काळच या सूत्रात निर्णायक ठरतो आणि एका यंत्राचे काम दुसऱ्याने आपोआप हाती घेणे, म्हणजे फेलओव्हर, महत्त्वाचे होते. बॅकअप ही यापासून वेगळी गोष्ट आहे. चुकून पुसलेली फाइल जोडीच्या यंत्रावरूनही तत्काळ पुसली जाते, म्हणून उच्च उपलब्धता असली तरी बॅकअप लागतोच.

या विचाराचा आरंभ सामान्यतः १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडम कंपनीच्या, बँकांसारख्या ग्राहकांसाठी बनवलेल्या नॉनस्टॉप संगणकांपासून धरतात. स्वस्त यंत्रांवरील प्रकार त्याहून बरेच अलीकडचे आहेत. लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवरील, यंत्रांना एकमेकांवर लक्ष ठेवू देणारा हार्टबीट हा प्रकल्प १९९० च्या दशकाच्या अखेरीचा, तर अलेक्झांडर कासाँ यांचा त्याच प्रकारचा कीपअलाइव्हड हा प्रोग्राम साधारणपणे २००० च्या आसपासचा मानला जातो.

वैयक्तिक मांडणीत सर्वाधिक वापरले जाणारे तंत्र म्हणजे तरता आयपी पत्ता (आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरील यंत्राचा क्रमांक). दोन यंत्रांमध्ये एक सामाईक पत्ता असतो आणि एका वेळी त्यांपैकी एकच यंत्र तो धारण करते. या तंत्राच्या उगमाबद्दल वाद आहे. सिस्को कंपनीने राउटरांसाठी, म्हणजे नेटवर्कांना जोडणाऱ्या यंत्रांसाठी, एचएसआरपी ही अशीच पद्धत तयार केली होती. तिच्याशी निगडित पेटंटचा अर्ज १९९४ मधला असून ते डिसेंबर १९९५ मध्ये मंजूर झाले. एचएसआरपीचे वर्णन मार्च १९९८ मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची मालिका) २२८१ म्हणून प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच महिन्यात इंटरनेटची प्रमाणके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेची व्हीआरआरपी ही प्रमाण पद्धत आरएफसी २३३८ म्हणून आली. दोहोंतील साम्य उघड आहे. व्हीआरआरपी आपल्या पेटंटच्या कक्षेत येते अशी सिस्कोची भूमिका होती, तर आयईटीएफच्या कार्यगटाने वाजवी अटींवर परवाना मिळत असल्यास तेवढे पुरेसे मानले. मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील ओपनबीएसडी या संगणक प्रणालीच्या प्रकल्पाला हे मान्य झाले नाही. त्याने कार्प ही स्वतंत्र पद्धत लिहिली आणि मे २००४ मधील ३.५ या आवृत्तीत ती प्रसिद्ध केली. कार्प ही व्हीआरआरपीची केवळ नक्कल आहे, असे काही जण म्हणतात. परंतु कार्पमध्ये संदेशांची सत्यता गुप्त किल्लीच्या आधारे पडताळली जाते आणि व्हीआरआरपीच्या २००४ मधील सुधारित मसुद्यातून मात्र अशी पडताळणी काढून टाकण्यात आली, हे पाहता ती स्वतंत्र रचना मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कार्पसाठी स्वतंत्र प्रोटोकॉल क्रमांक, म्हणजे संदेश कोणत्या पद्धतीचा आहे हे सांगणारा आकडा, मिळाला नाही, असे प्रकल्पाचे म्हणणे असून त्याने व्हीआरआरपीचाच ११२ हा क्रमांक वापरला. परिणामी एकाच नेटवर्कवर दोन्ही पद्धती चालू असल्यास यंत्रांच्या प्रत्येक जोडीला दिलेले गटक्रमांक वेगवेगळे ठेवण्याची काळजी आजही घ्यावी लागते. पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली असल्याने कायदेशीर बाजूला आता फारसे महत्त्व उरलेले नाही.

व्हीआरआरपीत मुख्य यंत्र सहसा दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ अशा अर्थाचा संदेश पाठवते. राखीव यंत्र अशा तीन संदेशांइतका काळ थांबते आणि त्यात स्वतःच्या प्राधान्यांकावरून (पत्ता आधी कोणी घ्यावा हे ठरवणाऱ्या आकड्यावरून) काढलेला अल्प विलंब मिळवते. प्राधान्यांक १०० असल्यास हा विलंब (२५६ − १००) ÷ २५६, म्हणजे सुमारे ०.६१ सेकंद असतो; म्हणून एकंदर ३.६ सेकंदांनी राखीव यंत्र पत्ता ताब्यात घेते आणि स्विचला (स्थानिक नेटवर्कमधील यंत्रे जोडणाऱ्या उपकरणाला) आपला नवा ठिकाणा कळावा म्हणून एआरपी, म्हणजे पत्ता कोणाकडे आहे हे सांगणारा, संदेश प्रसृत करते.

मात्र हे सारे एकाच स्थानिक नेटवर्कपुरते मर्यादित आहे. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्ग येथील ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे मूळ सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते अशा अनेकांची माहिती कायमची गेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई महानगर प्रदेशाच्या मोठ्या भागातील वीज गेली होती. अशा वेळी दादरच्या घरातील जोडीला ठाण्याच्या घरातील यंत्र ठेवूनही भरवसा देता आला नसता. यंत्रे वेगळ्या शहरांत आणि वेगळ्या पुरवठादारांकडे असणे हे महागड्या यंत्रांपेक्षा अधिक उपयोगी आहे.

अशा दूरस्थ जोडीसाठी डीएनएसमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेत, एकाच नावाला दोन पत्ते देतात. एका पत्त्याशी जोडणी झाली नाही तर ब्राउझर बहुधा दुसरा पत्ता वापरून पाहतो; पण बंद यंत्राकडून नकारही आला नाही, तर त्याला काही काळ वाट पाहावी लागते, आणि यंत्र चालू असूनही चुकीचे पान देत असेल तर हा उपाय लागूच पडत नाही. त्यासाठी बाहेरून तपासणी करून आजारी पत्ता काढून टाकणारी व्यवस्था लागते. तेव्हा जुना पत्ता लवकर विसरला जावा म्हणून डीएनएस नोंदीची वैधता ३०० सेकंदांसारखी कमी ठेवलेली असणे आवश्यक असते. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राची अडचण येथे हमखास येते. अशी प्रमाणपत्रे मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या एचटीटीपी पडताळणीत संकेतस्थळावर ठरावीक फाइल आहे का ते पाहतात; ही विनंती दोनपैकी कोणत्याही यंत्रावर जाऊ शकते, आणि उत्तराची फाइल दुसऱ्याच यंत्रावर असल्यास पडताळणी फसते. म्हणून प्रमाणपत्र डीएनएस नोंदीच्या आधारे मिळवून दोन्हीकडे पोचवणे सोयीचे.

स्थिर पानांचे संकेतस्थळ आरसिंक या फाइली जुळवून ठेवणाऱ्या प्रोग्रामने दोन्हीकडे ठेवले की काम भागते. डेटाबेस असल्यास मात्र दोन्ही यंत्रांमधला संपर्क तुटून प्रत्येक जण स्वतःला मुख्य समजू लागण्याचा, म्हणजे स्प्लिट-ब्रेनचा धोका संभवतो. बहुमतासाठी तिसरे यंत्र उभे करणे हा त्यावरचा शास्त्रशुद्ध उपाय आहे. तथापि एकट्या व्यक्तीने दुसरी प्रत केवळ वाचण्यासाठी ठेवून लेखनाचा अधिकार बदलणे आपल्या हाती राखावे, हा मार्ग अधिक सुरक्षित दिसतो.

ईमेलबाबत ही गरज कमी आहे. एमएक्स नोंदींतील (ईमेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदींतील) प्राधान्यक्रम १९८६ पासून प्रचलित आहे आणि पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.