हबलपासून अवकाशस्थानक किती लांब?

अवकाशात सगळं उद्ध्वस्त होत जाणारे, पाण्यासारखा पैसा ओतलेले हॉलिवूडपट मला मनापासून आवडतात. विज्ञानाच्या चुका दिसत असूनही मी ते पुन्हा पुन्हा बघतो. निदान ते स्वतःला गोष्ट म्हणवतात. लाखो किलोमीटरवरून जाणारा लघुग्रह ‘पृथ्वीवर झेपावतोय’ असं ओरडून सांगणाऱ्या वृत्तवाहिन्या भीती विकतात, तीही बातमी म्हणून.

२०१३च्या ‘ग्रॅव्हिटी’तल्या चुकीमागचं गणित तर चित्रपटाइतकंच थरारक आहे. हबल या अवकाश दुर्बिणीची दुरुस्ती चालू असताना उपग्रहांचे तुकडे आदळून शटल हे अवकाशयान निकामी होतं आणि अंतराळवीर पाठीवरच्या जेटपॅकच्या जोरावर आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाकडे निघतात. हबल तेव्हा सुमारे साडेपाचशे किलोमीटर उंचीवर होती, स्थानक चारशेवर. मग अडचण कसली?

अडचण उंचीची नाहीच, दिशेची आहे. हबलची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांचा कोन करते, कारण फ्लोरिडातल्या उड्डाणतळाचा अक्षांश तेवढाच आहे. स्थानकाचा कोन ५१.६ अंश, उत्तरेकडच्या तळावरून निघणाऱ्या रशियन यानांनाही तिथे पोचायचं असतं म्हणून. फरक किमान २३ अंशांचा.

आता कंपासपेटी काढा. एका बिंदूतून ७.६ सेंटिमीटरच्या दोन रेषा २३ अंशांच्या कोनात काढा. एक सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला एक किलोमीटर. या रेषा म्हणजे दोन कक्षांमधले वेग. त्यांची टोकं जोडून मोजा: ३ सेंटिमीटर. (सूत्रच हवं तर: २ × वेग × कोनाच्या निम्म्याचा साइन.) म्हणजे वेग तेवढाच ठेवून नुसतं वळायलाही सेकंदाला ३ किलोमीटरचा वेगबदल लागतो. गाडी वळते ती टायर रस्त्याला ढकलतात म्हणून. वर रस्ताच नाही, सगळं इंधनावर. नासाने १९८४मध्ये वापरलेल्या जेटपॅकची कुवत होती सेकंदाला सुमारे २५ मीटर. कक्षेत पोचलेल्या शटलचीही साधारण ३००.

२००३मध्ये उड्डाणातच पंखाला इजा झालेलं, कल्पना चावला ज्यात होत्या ते ‘कोलंबिया’ शटल ३९ अंशांच्या कक्षेत होतं. स्थानकाचा आसरा घेणं त्याला शक्यच नव्हतं. परतताना, १ फेब्रुवारीला, सातही जण गेले.

म्हणून मे २००९मध्ये ‘अटलांटिस’ हबलच्या शेवटच्या दुरुस्तीला निघालं, तेव्हा शेजारच्या तळावर ‘एंडेव्हर’ सुटकेसाठी सज्ज ठेवलं होतं. वेळ आलीच तर त्याने यांत्रिक हाताने ‘अटलांटिस’ला धरायचं आणि अंतराळवीरांनी मोकळ्या अवकाशातून एका यानातून दुसऱ्यात जायचं, अशी योजना होती. ती वेळ आली नाही. पण या योजनेवर कुणी चित्रपट काढला, तर पहिल्या दिवशीचा पहिला खेळ मी बघणार.